पाण्यातली मूठ

१

सातव्या टाकीत पाणी होतं, पण पाण्यात जे असायला हवं होतं ते नव्हतं.

नबीला दोन्ही हात कोपरापर्यंत आत घालून तळ चाचपत होती आणि कौशल्याबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. हरवलेली वस्तू परत परत त्याच जागी शोधणाऱ्या माणसाला काही बोलू नये, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. दोन वर्षं त्या स्वतः दुसरं काय करत होत्या?

निघोज्याला समुद्र नाही. इंद्रायणी आहे, तीही अंगावर फेस घेऊन वाहणारी. तरी कौशल्याबाईंच्या शेडमध्ये समुद्राचा वास यायचा आणि तो लुगड्याला चिकटून घरापर्यंत यायचा. जमिनी कंपन्यांच्या घशात गेल्यावर घरामागं जो तुकडा उरला, त्यावर ही पत्र्याची शेड. आत आठ टाक्या, आणि टाक्यांत एका फुटलेल्या पोर्तुगीज जहाजाचं सामान: तोफेचा तुकडा, तांब्याच्या लगडी, नांगराचा वाकडा दात. फिरंगी पहिल्यांदा या किनाऱ्याला लागले त्या काळातलं जहाज. कोकणात एका खडकावर आपटलं आणि पाचशे वर्षं तळाशी निजून राहिलं. नबीला दाभोळकडची पोर, शिकून पाणबुडी झालेली. खाली जाऊन एकेक वस्तू हुडकून वर आणायची आणि तिचा अभ्यास करायची. ती सांगायची, समुद्र प्यालेली वस्तू एकदम वाळवली तर तिचा भुगा होतो. ती गोड्या पाण्यातच ठेवायची. मग ती आपलं मीठ थोडं थोडं बाहेर टाकते, पाणी खारट होतं, ते ओतून नवं भरायचं. लोखंडाला तारा लावून वीज सोडायची. चाकणच्या पट्ट्यात धातूला मुलामा देणारे लोक असल्याच टाक्यांत जन्म काढतात, म्हणून सामान इथवर आलं.

आलं ते नवनाथच्या सांगण्यावरून. नवनाथ म्हणजे कौशल्याबाईंचा धाकटा. पाणबुड्यांना हवा पुरवणारा कॉम्प्रेसर सांभाळायला तो नबीलाच्या बोटीवर गेला होता. "आमची शेड मोकळीच हाय," असं तिथं सांगून आला. पुढच्या फेरीला वादळात बोट उलटली. बाकीचे सगळे सापडले, नवनाथ सापडला नाही.

भावकी म्हणाली, विधी उरकून घ्या. कौशल्याबाई म्हणाल्या, "सापडला न्हाई म्हंजी मेला न्हाई." त्यापुढं त्यांच्या तोंडाला लागायची कुणाची छाती झाली नाही. तेव्हापासून घरात एक ताट जास्तीचं वाढलं जायचं. सुनेनं कुंकू लावायचं. शेडचं बाहेरचं दार उघडं राहावं म्हणून नवनाथनं जो काळा दगड त्याला टेकवून ठेवला होता, त्याला कुणी हात लावायचा नाही. आणि नबीलाकडून भाडं घ्यायचं नाही. समुद्र जे काही परत देईल ते आपल्या दारातून जावं, एवढाच त्यांचा सौदा.

सातव्या टाकीत नारळापेक्षा थोडा मोठा, गंजानं माखलेला दगडासारखा गोळा होता. नवनाथची बायको मंजुषा चाकणला ज्या कंपनीत कामाला जायची, तिथं इंजिनाचे ओतीव भाग न फोडता आतून बघायचं मशीन होतं. मागच्याच आठवड्यात तो गोळा त्यात घातला आणि पडद्यावर माणसाचा हात उमटला. मनगटात बेडीचं कडं होतं. त्या कड्याच्या गंजानंच हाडं पाचशे वर्षं धरून ठेवली होती. बोटं मिटलेली, आणि मुठीत काहीच नाही.

तो हात आता गेला होता.

आतल्या जाळीच्या दाराचं कुलूप फोडलेलं नव्हतं. चाव्या तीनच. एक नबीलाची; ती चिंचवडला राहायची आणि काल रात्री तिथंच होती. दुसरी टाक्यांवर काम करणाऱ्या लालमहंमदची. तिसरी कौशल्याबाईंच्या कमरेला. "माझा जुडगा कमरेचा सुटत न्हाई," त्यांनी न विचारताच सांगून टाकलं. अंघोळीपुरता तेवढा तो देव्हाऱ्यापाशी खुंटीला असायचा. पण देवापाशी म्हणजे कमरेलाच धरा.

टाकीतलं पाणीही वीतभर खाली गेलं होतं. आणि ओल्या फरशीवर, टाकीपासून दाराकडं, तांबूस पावलं उमटली होती. अनवाणी.

कौशल्याबाई ती नीट बघायला वाकणार, तेवढ्यात लालमहंमदनं नळी उचलली आणि सगळी फरशी धुऊन काढली.

२

"का धुतलीस रे?"

"घसरायला होतं काकी. पोरगी पडली असती."

लालमहंमद खोटं बोलताना कानाची पाळी चोळतो, हे कौशल्याबाईंना तो चड्डीत होता तेव्हापासून माहीत. त्याचा बाप त्यांच्या विहिरीचा पंप दुरुस्त करायचा आणि पोराला बरोबर आणायचा. आत्ता तो पाळी चोळत होता.

त्याच्याविरुद्ध सगळंच जुळून येत होतं. चावी त्याच्याकडं. पावलं पुसली त्यानं. आणि ज्या दिवशी मशीनमधून हाताचा फोटो आला त्या दिवशी चहा पिताना सगळ्यांसमोर तो म्हणाला होता, की कैदी असणार बिचारा, बेडीसकट बुडाला. हिंदू का मुसलमान ते अल्लाला ठाऊक, पण माणूस आहे, त्याला माती द्या. नबीलाचे मोठे साहेब परदेशात गेले होते. फोनवरून त्यांनी बजावलं, की मी आल्याबरोबर पोलिसांत तक्रार जाईल, आणि तिच्यात पहिलं नाव चावीवाल्याचं असेल.

लालमहंमदच्या पोरीचं, सिदराचं, लग्न पुढच्या महिन्यात होतं. मुलाकडचे मोठे अब्रूदार लोक. बापाचं नाव चौकीत गेलं तर ते दारात उभे राहणार नाहीत, हे सांगायला नको होतं.

कौशल्याबाईंनी त्याला बूट काढायला लावले. गुडघ्यापर्यंतच्या रबरी बुटातून डावा पाय बाहेर आला, कॉस्टिक सोड्यानं भाजून कातडं चुरगळलेला. तीन वर्षांपूर्वी, चाकणला मुलाम्याच्या कामावर असताना, टाकीतलं पाणी सांडलं होतं. तेव्हापासून हा माणूस टाक्यांपाशी बुटाशिवाय पाऊल टाकत नव्हता आणि दुसऱ्यालाही टाकू देत नव्हता.

"मग हितं अनवाणी कोण यील?"

लालमहंमद बराच वेळ बूट चढवत बसला. मग म्हणाला, "एक तर येडा. न्हाईतर दर्ग्यात शिरावं तसा शिरलेला माणूस."

त्या घरी आल्या तेव्हा ऐन दुपारी परसात लक्ष्मणराव डोक्यावरून पाणी घेत होते. त्यांचे मालक बोलायला कमी, ऐकायला त्याहून कमी. सकाळची अंघोळ झालेली असताना दुपारी पुन्हा कसली, म्हणून कौशल्याबाईंनी त्यांना चार शब्द सुनावले. नदीकडं गेलो होतो, पाय घसरला, म्हणाले. ओट्यावरच्या पिशवीतून पळसाची पानं डोकावत होती. कुणाच्या तरी जागरणाला पत्रावळी लावायच्यात, म्हणाले.

कौशल्याबाईंचं लक्ष नव्हतं. त्यांच्या डोळ्यांपुढं ती तांबूस पावलं होती, आणि मनात एक प्रश्न: चोरानं टाकीतलं पाणी कशाला नेलं?

३

थोरला शेखर काळेवाडीला राहायचा आणि जमिनीचे व्यवहार करायचा. गाडीतून उतरला तोच म्हणाला, बरं झालं, भुताचा हात गेला. त्याच्याकडं एक गोदामवाली पार्टी तयार होती. बुडालेली भंगारं उचला आणि शेड मोकळी करा, असं तो वर्षभर आईच्या मागं लागला होता.

कौशल्याबाईंनी त्याला चहा दिला, साखर कमी घालून. त्यांनी मनाशी हिशेब केला. याला आख्खी शेड रिकामी हवी, एक गोळा उचलून याला काय मिळणार? उलट पोलीस आले तर शेडला सील लागून महिनोन् महिने कुलूप. आणि हा बुटांना माती लागेल म्हणून ओट्याच्या खाली उतरत नाही, हा अनवाणी चालायचा? शेखर चोर खरा, पण या चोरीतला नाही.

मग सून. मंजुषा पहिल्या शिफ्टला जायची, कंपनीची बस भल्या पहाटे फाट्यावर यायची. हातात डबा, खांद्याला पर्स. तो गोळा आणि पाण्याची बादली घेऊन ती बसमध्ये कशी चढली असती? तरी कौशल्याबाईंनी तिला समोर बसवून विचारलं. आवाज असा लावला, की भिंतीनंही कबुली द्यावी.

मंजुषा म्हणाली, "आत्या, मी न्हाई नेला. पण ज्यानं नेला त्याला मी वाईट म्हणणार न्हाई."

"का गं?"

"मशीनवर रोज लोखंडाची पोकळी बघते मी. त्या दिवशी मूठ दिसली. तेव्हापास्नं डोळं मिटलं की मूठच दिसती. बुडताना माणूस काहीतरी धरायला बघतोच की. त्याच्या हाताला काय लागलंच न्हाई."

दोघींनाही कुणाची मूठ आठवत होती ते घरातल्या त्या जास्तीच्या ताटालाही कळलं असतं. कौशल्याबाई उठता उठता एवढंच म्हणाल्या, की मोबाइलातला तो फोटो पुसून टाक. मंजुषा म्हणाली, नाही पुसता येत, मामंजी रोज बघायला मागतात.

म्हातारपण, दुसरं काय, असं कौशल्याबाईंनी स्वतःला सांगितलं.

पण एक गाठ सुटली होती. चोरानं पाणी नेलं, कारण गोळा वाळला तर फुटेल हे त्याला ठाऊक होतं. म्हणजे विकणारा नाही, फोडणारा नाही. नबीलाचं बोलणं त्यानं मन लावून ऐकलं होतं. तो गोळा अजून कुठंतरी पाण्यात होता, आणि कुणीतरी त्याला जपत होतं.

४

ते दिवस घरावर काहीतरी बसून राहिल्यासारखे गेले. टाक्यांतून बुडबुडे वर यायचे आणि पत्र्याखाली कुणीतरी दबक्या आवाजात बोलतंय असं वाटायचं. कौशल्याबाई सातव्या टाकीपाशी जाऊन उभ्या राहायच्या. पूर्वी त्या सगळ्याच टाक्यांना विचारायच्या: माझ्या पोराला बघितलंत का? तोफेच्या तुकड्यालाही विचारायच्या. कुणी हसलं तर हसो. आता रिकाम्या पाण्यात स्वतःचंच तोंड दिसायचं आणि विचारायला जीभ उचलत नव्हती.

नबीला वाळून चालली होती. बोट उलटली तेव्हा नवनाथनं स्वतःच्या अंगावरचं तरंगायचं जाकीट तिला दिलं होतं, हे तिनं कौशल्याबाईंना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. त्यावर कौशल्याबाई म्हणाल्या होत्या, की मग ते परत घ्यायला येईलच तो. जाकीट अजून शेडमध्ये खिळ्याला होतं.

घरात मालकांचं वेगळंच चाललं होतं. पोटात वात धरतो म्हणून भाजीला फोडणी नको, हळद नको. पाठीत कळ येते म्हणून गादी नको, खाली घोंगडीवर निजायचे. दाढी वाढली होती. देवपूजा त्यांची, ती त्यांनी शेजारच्या पोरावर सोडली. रहाटणीला भाचीचा साखरपुडा होता, ऐनवेळी गेले नाहीत. पायात चप्पल बोचते म्हणे. पोलिसांच्या नावानंच यांचं पाणी झालं, असं कौशल्याबाई शेजारणीला म्हणाल्या. जन्मभर मी पुढं आणि हे मागं, आता काय वाघ होणार? गोठ्यात तेवढे रोज सकाळी न चुकता जायचे, म्हशीकडं बघायला.

साहेब उद्या येणार, असा निरोप घेऊन लालमहंमद आला. म्हणाला, सिदराच्या सासरी कुणीतरी चोरीचं कळवलंय, त्यांचा फोन येऊन गेला. तो रडला नाही, तक्रारही केली नाही. कानाची पाळी तेवढी चोळली. कौशल्याबाईंना कळेना, खरं बोलत असताना हा पाळी का चोळतोय? आणि मग वाटलं, हा काहीतरी बोलायचं टाळतोय. याला चोर ठाऊक आहे.

त्या तिरीमिरीत मागल्या दारानं गोठ्यात शिरल्या. गोठ्यात आता एकच म्हैस. ती आपली दावण सोडून, दावं ताणून, कोपऱ्यातल्या जुन्या रांजणाला चाटत होती. चाटत होती म्हणजे कशी, वासराला चाटावं तशी.

कौशल्याबाई थबकल्या. रांजण कैक वर्षं कोरडा पडून होता. आता त्याच्या तोंडावर फळी होती, फळीवर ओलं पोतं. मातीचा रांजण पाझरतो, बाहेरून ओला दिसतो; हा ओला होताच, पण ओल्यावर पांढरा लोणा फुटला होता, जुन्या भिंतीला फुटतो तसा. त्यांनी बोट फिरवलं आणि जिभेला लावलं.

मीठ.

निघोज्याला समुद्र नाही, पण तो त्यांच्या गोठ्यात येऊन बसला होता.

त्यांनी फळी सारली. आत पाणी लाल होतं, त्यावर तीळ तरंगत होते. त्यांनी हात घातला, आणि तळाशी कुणाची तरी मूठ त्यांच्या तळव्याला लागली.

५

त्यांनी गोळा बाहेर काढला नाही. फळी परत ठेवली. त्या दिवशी कुणाशी बोलल्या नाहीत आणि दुसऱ्या दिवशी उजाडताच रांजणाजवळ पाटावर जाऊन बसल्या.

लक्ष्मणराव अनवाणी आले. हातात तांब्या, ओच्यात तीळ. बायकोला बघून दारातच थांबले. पळाले नाहीत, पळायचं वय नव्हतं आणि दुसरा दरवाजाही नव्हता.

"या," कौशल्याबाई म्हणाल्या. "पाणी द्यायचं हाय न्हवं? द्या."

ते हलले नाहीत.

"फोडणी नको, हळद नको, गादी नको, देवाला शिवायचं न्हाई. साखरपुड्याला जायचं न्हाई. मी समजले वात झाला. चाळीस वरीस संसार केला, सुतक वळखू आलं न्हाई मला. दुसऱ्याच्या घरात आसतं तर उंबऱ्यातनं वळखलं आसतं."

त्यांनी एकेक गोष्ट समोर मांडली, भाजी निवडताना काडी बाजूला ठेवावी तशी. पाणी नेलं म्हणजे जपायचं होतं. पाय उघडे होते म्हणजे आत माणूस निजलाय या भावनेनं शिरला. कुलूप उघडलं ते चावीनं. लाल्याच्या पायात बूट, नबीला चिंचवडला, उरली तिसरी. "आन् ती आंगुळीच्या वक्ताला खुंटीला आसती, हे घरातल्याबिगर कुणाला ठावं? त्या दिवशी पळसाची पानं बघितली मी. पत्रावळी म्हणालात. घरात कुणी हरवल्यालं आसताना पळसाची पानं कशाला आणत्यात, हे इचारायला माझी जीभ झडली हुती काय?"

लक्ष्मणराव खाली बसले. चाळीस वर्षांत एवढं लांब बोलले नसतील तेवढं बोलले, तेही रांजणाकडं बघत. प्रेत मिळालं नाही तर पळसाच्या पानांचा माणूस करतात आणि त्याला अग्नी देतात. आळंदीच्या गुरुजींना विचारून त्यांनी तसाच केला होता, नदीकाठी, एकट्यानं. पुढं दहा दिवस जीवखड्यावर पाणी घालायचं. जीवखडा म्हणजे एक दगड. त्या दहा दिवसांत मेलेल्या माणसाचा जीव त्याच्यातच असतो. गुरुजी म्हणाले, नदीतला कोणताही दगड उचला.

"नदीतला कसा उचलू? पोरगं समुद्रात हाय."

कौशल्याबाईंचा हात रांजणावरच्या फळीवर गेला.

"हा नवनाथ न्हवं, मला कळतंय गं. पाचशे वरसांचा हाय म्हणती पोरगी. पर पानांचा माणूस चालतो, ह्यो तर माणसाचाच हात हाय. त्याच पाण्यातनं आलेला. त्यालाबी कुणी पाणी दिलं नसंल. एका तांब्यात दोघांचं हुईल म्हटलं."

"आन् मला?" कौशल्याबाईंचा आवाज त्यांना स्वतःलाच ओळखू आला नाही. "मला का सांगितलं न्हाई?"

"तुला सांगितलं आसतं," लक्ष्मणराव म्हणाले, "तर तू त्येचं ताट वाढलं आसतंस."

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. साहेब आले होते.

६

शेडमध्ये साहेब, नबीला, शेखर आणि भिंतीला टेकून लालमहंमद. साहेबांनी तक्रारीचा कागद लिहूनच आणला होता. माणूस वाईट नव्हता. फक्त त्याला जिथं पोचायचं होतं तिथं तो आधीच पोचून बसला होता.

कौशल्याबाई दारात आल्या. पायातल्या चपला बाहेर काढल्या. त्यांच्या मागून लक्ष्मणराव, आणि त्यांच्या हातात बादली.

"कुलूप माझ्या चावीनं उघडलं," त्या म्हणाल्या. "कमरेचा जुडगा सुटत न्हाई म्हणाले हुते मी. सुटतो. लाल्याचं नाव त्या कागदावर आसंल तर खोडा आन् माझं घाला. नीट घाला, कौशल्याबाई लक्ष्मणराव. माझं लिहिणं आंगठ्यापुरतं हाय, पर नाव चुकल्यालं मला दिसतं."

नबीलानं बादलीत हात घातला. गोळा ओला होता, एक तडासुद्धा गेला नव्हता. तिनं विचारलं, यावर तीळ कसले? कौशल्याबाईंनी सांगितलं. सगळं नाही, पुरतं तेवढं. नबीला उभी होती ती टाकीच्या कडेवर बसली. खिळ्यावरच्या जाकिटाकडं बघत राहिली. मग साहेबांच्या हातातून तिनं तो कागद घेतला. साहेबांनी तो घेऊ दिला.

लालमहंमदपाशी कौशल्याबाई गेल्या. मालकांच्या उजव्या पायाचा अंगठा बैलगाडीखाली सापडून वाकडा झालेला, गावात असा पाय दुसरा नाही. आणि फरशी धुण्याआधी एकट्या लालमहंमदनं ती पावलं जवळून बघितली होती.

"पयल्या दिवसापास्नं ठाऊक हुतं तुला. पोरीचं लगीन मोडायला निघालं. बोलला का न्हाईस?"

"काय बोलायचं काकी? बापाचं दुःख चोरी म्हणून सांगू?" आणि या खेपेला त्याचा हात कानाकडं गेला नाही.

कौशल्याबाईंनी शेखरला गाडी काढायला सांगितली. आधी सिदराच्या सासरी जायचं, आपण स्वतः, सगळ्यांच्या देखत बोलायचं. शेखर काहीतरी पुटपुटला. त्याच्याकडं त्यांनी नुसतं बघितलं आणि तो चावी शोधायला लागला.

निघता निघता त्या नबीलाकडं वळल्या. "पोरी, तुझा आब्यास किती वरसांचा आसंल तेवढा कर. पर तो संपला की हा हात कपाटात ठिवायचा न्हाई. लाल्या म्हणतो तशी त्याला माती द्यायची. जागा कुठं म्हणून इचारू नगं. समदं इकलं, पर बांधाकडंचा एक तुकडा हाय माझा. तिथं कुणाच्या बापाची कंपनी न्हाई."

नबीला म्हणाली, कागदोपत्री फार अवघड जाईल, पण मी भांडेन. कौशल्याबाईंना तेवढं पुरलं. भांडणारं माणूस त्यांना समजत असे.

७

दुपार कलली तेव्हा त्या परतल्या. सिदराचं लग्न मोडायचं टळलं होतं. तिथल्या व्याह्यांना त्यांनी असं काही सुनावलं होतं, की त्यांनीच उलट माफी मागितली.

परसात लक्ष्मणराव तसेच बसून होते. दहावा दिवस होता. नदीवर गुरुजी खोळंबले होते, आणि जीवखडा तर सातव्या टाकीत परत गेलेला.

"आता सोडायचं काय?" ते म्हणाले. "गुरुजी म्हणत्यात, दगुड मधी बदलता येत न्हाई."

"गुरुजींचं मी बघते."

मंजुषा दारात उभी होती. कौशल्याबाईंनी तिच्या कपाळाकडं बघितलं आणि म्हणाल्या, की लावायचं तर लाव, नको तर नको, ते तुझं तू ठरव, आता कुणी विचारणार नाही. मग त्या एकट्याच शेडकडं गेल्या.

आतून टाक्यांचे बुडबुडे ऐकू येत होते. दाराशी नवनाथचा काळा दगड होता, दोन वर्षं एका जागी बसून त्याच्याखाली मातीला खळगा पडलेला. त्या खाली वाकल्या. दगड वाटला होता त्यापेक्षा हलका निघाला. त्यांनी तो छातीशी धरला, पदरानं त्याची माती पुसली, आणि गोठ्यात जाऊन रांजणातलं उरलेलं तांबडं पाणी तांब्यानं त्याच्यावर घातलं. खारं पाणी. समुद्राचं.

"जा बाबा," त्या म्हणाल्या. "लई येळ उभा केला तुला."

दगड उराशी घेऊन त्या नदीच्या वाटेला लागल्या, लक्ष्मणराव मागून. दहा पावलं गेल्यावर मागं आवाज झाला. शेडचं दार, टेकण गेलेलं, वाऱ्यानं हळूहळू आपलं आपण लागलं.

कौशल्याबाईंनी वळून बघितलं नाही.